तिसरा खण

९ जानेवारी

प्रिय सिस्टर,

सलाम.

तुमची गाडी कोपऱ्यावरून वळताना मी बनवलेल्या औषधांच्या पेटीवरची दोरी सैल बांधलेली मला दिसली. मी हाक मारली. पण पाळकांनी गाणं सुरू केलं होतं, आणि गाणाऱ्या पाळकांना मागून हाक मारून थांबवणारा अजून जन्माला यायचाय. पुढच्या मुक्कामी दोरी सोडून पुन्हा बांधायला सांग. गाठ पेटीच्या बाजूला यायला हवी, कोपऱ्यावर नको. कोपऱ्याला दोरी घासली की पॉलिश जातं.

इकडे सगळं व्यवस्थित आहे. तू फळीवर चिकटवून ठेवलेल्या चिठ्ठ्या वाचून मी स्वयंपाक करतो. सूप पहिल्या दिवशी पातळ झालं, दुसऱ्या दिवशी खिळ्यांच्या डब्यात ओतून सरस म्हणून वापरता आलं असतं असं झालं, आता मधे कुठेतरी आलं आहे. मला रंधा धरायला कुणी शिकवलं नव्हतं. घरातलं मोडकं कपाट खोलून बघितलं, परत जोडलं आणि सुतार झालो. तेव्हा सूप काय चीज आहे.

रविवारी प्रार्थनेला मंडळीत सगळ्यांनी तेच विचारलं. ‘सिस्टर गेल्या, मग तुम्ही नाही गेलात?’ मी सांगितलं, कारखाना कोण बघणार? मंडळीचा हिशेब ठेवणारी कोशागारवाली म्हणाली, ‘मुख्य सिस्टरची नोकरी मुदतीआधी सोडली, एवढं छान घर सोडलं, आणि वर्षभर मिशनबरोबर गावोगाव फिरणार. धाडस आहे हो त्यांचं.’ आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी काही माझ्याकडून उरलेलं धाडस मागत होती.

तू मला ‘चला की तुम्हीही’ म्हणालीस तेव्हा मी काय उत्तर दिलं ते मला आठवतं. ‘मी प्रार्थना आपल्या बाकावर बसून करतो, आणि ते बाकही मीच बनवलंय.’ त्या दिवशी मला ते वाक्य फार झकास वाटलं होतं. आता रोज संध्याकाळी एकट्याने चहा पिताना तेवढं झकास वाटत नाही.

एकच विचारतो आणि पुन्हा विचारणार नाही. वर्ष म्हणजे वर्षच ना? आपल्या मंडळीतला तो शिंपी आणि त्याची बायको अशीच एका वर्षासाठी गेली होती. त्यांच्या घरात आता दुसरेच लोक राहतात.

पेटीबद्दल सविस्तर लिही. झाकण फुगतं का, बाटल्या आपापल्या खाचेत घट्ट बसतात का, कडी गाडीच्या हादऱ्याने उघडत तर नाही. आणि तिसरा खण कसा वाटला ते आवर्जून कळव.

तुझा,
मिस्तरी


२ फेब्रुवारी

प्रिय मिस्तरी,

सलाम.

तुमचं पत्र आमच्या आधी इथे येऊन बसलं होतं. पाळक म्हणाले, ‘आपल्याला वाटेत चिखलात ढकलावं लागलं, पत्राला नाही.’

मी मजेत आहे. खरंच. सकाळी तपासणी, दुपारी घरोघरी भेटी, संध्याकाळी कुणाच्यातरी अंगणात गाणी आणि प्रार्थना. आमच्यात सातत्याने बेसूर गाणारी एक मी आणि दुसरे ड्रायव्हर. लोकांना आम्ही दोघंच जास्त आवडतो. बादलीने अंघोळ करायची सवय झाली. गादी नाही, चटई आहे. पहिल्या रात्री वाटलं, मिस्तरी म्हणत होते तेच खरं, या वयात हे काय खूळ. सकाळी दारात एक बाई कडेवरचं तापलेलं मूल घेऊन उभी होती, मग तो विचार तिथेच राहिला.

हॉस्पिटलात माझ्या मागे आठ जणी पळायच्या. इथे मी पाण्याच्या घागरीमागे पळते.

वर्ष म्हणजे वर्षच. झालं समाधान?

पेटीचं सगळे कौतुक करतात. झाकण फुगलेलं नाही. बाटल्या मुठीत धरल्यासारख्या बसतात. तिसरा खण जरा घट्ट आहे, ओढायला जोर लागतो, पण थर्मामीटर मी त्यातच ठेवते, म्हणजे चटकन हाताला लागतात.

सूप उकळताना झाकण ठेवू नका. आणि कोशागारवालीचं मनावर घेऊ नका. ती स्वतः बाजारापर्यंत जायलाही सोबत मागते.

तुमची,
सिस्टर


१४ फेब्रुवारी

प्रिय सिस्टर,

सलाम.

तिसरा खण ओढून उघडत नाही. तो खण नाहीच. पुढून तसा दिसतो, मूठही आहे, पण ती शोभेची. तो उघडतो तो वर थाप मारल्यावर.

आपला रेडिओ बंद पडला की तू त्याला थाप मारतेस. फ्रिजला मारतेस. एकदा माझ्या घड्याळालाही मारलीस. ती थाप मला पाठ आहे, किती जोराची आणि हाताचा कुठला भाग लागतो ते. त्या थापेला उघडेल अशी कळ मी आतून बसवली. तीन वेळा बनवली, दोन वेळा फेकली. मला वाटलं होतं, पहिल्याच गावात तू खण ओढशील, तो हलणार नाही, तू मला चार शब्द ऐकवशील आणि वैतागून थाप मारशील. मग आत काय आहे ते बघशील आणि मला लिहिशील.

तू थर्मामीटर ठेवलेस.

पेटी तुझ्याजवळ नाही. ती कुठे टाकलीस ते मला कळवू नकोस. मी वर्षाचं विचारलं त्याचं उत्तरही त्याच पत्रात होतं, तेही कितपत खरं धरायचं ते मी बघून घेईन.

सूप आता चांगलं होतं.

मिस्तरी


१० मार्च

प्रिय मिस्तरी,

सलाम.

तुमचं पत्र वाचून मी ते घडी घालून ठेवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी घातली. मग पाळकांच्या बायकोने विचारलं, ‘घरी सगळं बरं आहे ना?’ आणि मला रडू आलं. ती घाबरली. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. मी म्हटलं, ‘पेटी गेली.’ तिला काही कळलं नाही.

काय झालं ते लिहिते. तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते.

रस्ता नदीपाशी संपला. पलीकडे जायला एकच नाव. पेटी चौघांनी उचलून काठापर्यंत आणली, त्यातल्या एकाच्या पाठीत उसण भरली, आणि माझा पहिला रोगी तोच झाला. नावाडी पेटीकडे बघून म्हणाला, ‘यात काय, देऊळ आहे का?’ मग म्हणाला, ‘बाई, एक तर पेटी न्या, नाहीतर पाळक न्या. दोन्ही घेतले तर नाव बुडेल.’ पाळक तेव्हा डोळे मिटून प्रवासासाठी प्रार्थना करत होते. त्यांनी ऐकलं नाही. मी क्षणभर खरंच विचार केला, मिस्तरी.

औषधं पिशव्यांत भरली आणि पेटी अलीकडच्या गावातल्या सुईणीकडे ठेवली. टाकली नाही. ठेवली.

खोटं लिहिलं, कारण तुम्ही कारखान्यात तिच्यावर शेवटचं पॉलिश देत होतात तेव्हा मी दारातून बघितलं होतं. तुम्ही मला ‘जा’ असं कधीच म्हणाला नाहीत. मला वाटलं, ती पेटी म्हणजेच ते ‘जा’. ती मी नदीकाठी सोडली असं कोणत्या तोंडाने लिहू? तुम्ही ती शंभर वर्षं टिकावी म्हणून बनवलीत. मला ती फक्त उचलता यायला हवी होती.

आत काय होतं? सांगा ना.

तुमची,
सिस्टर


२२ मे

प्रिय मिस्तरी,

सलाम.

तुमचं पत्र नाही. दर आठवड्याला टपाल घेऊन नाव येते, नावाडी लांबूनच मान हलवतो. आता तो माझी नजर टाळायला लागला आहे, जसा काही तोच लिहीत नाही.

तुम्ही वाचत असाल असं धरून लिहिते.

इथे एक म्हातारी विणकरीण होती. शेवटचे दिवस होते. मी पट्टी बदलली, गोळी पुढे केली, तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, ‘ते ठेव गं. बस जरा.’ मी म्हटलं, अजून दोन घरं करायची आहेत. ‘कर की. आधी बस.’ बसायला काही नव्हतं. मी जमिनीवर बसले. मग तिने विचारलं, ‘तुमचा तो देव आजारी माणसाजवळ बसतो का, की उभ्या उभ्या विचारपूस करून जातो?’ मी म्हटलं, ‘बसतो.’ ती म्हणाली, ‘मग बरंय.’

उठताना गुडघ्यांनी साथ सोडली. तिच्या दोन्ही सुनांनी मला काखेत धरून उभं केलं. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ती गेली होती.

मी इतकी वर्षं हॉस्पिटलात उभी होते, मिस्तरी. उभ्या उभ्या लोकांना बरं केलं. बसायला इथे शिकतेय. आणि माझे गुडघे असे की बसले तर उठता येत नाही.

आणखी एक. तुमच्यापासून आता काही लपवणार नाही. मिशन नदीपलीकडे दवाखान्याची एक खोली बांधतंय. आणखी एक वर्ष थांबून ती चालवाल का, असं त्यांनी मला विचारलंय. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सप्टेंबरअखेर उत्तर द्यायचंय. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे असं वाटतं. तरी तुम्ही म्हणावं.

तुमची,
सिस्टर


११ जून

पेटीवाल्या मिस्तरींना,

नदीकाठच्या सुईणीचा सलाम. तुमचा पत्ता झाकणाच्या आत कोरलेला आहे, तिथून घेतला. अक्षर सुरेख आहे, माझं तसं नाही, सांभाळून घ्या.

सिस्टरबाईंनी तुमची पेटी माझ्याकडे ठेवली. म्हणाल्या, वापर. मी वापरते. पण तिसरा खण काही केल्या उघडेना. मी ओढला, सुनेने ओढला, आम्ही दोघींनी मिळून ओढला. मी म्हटलं, जाऊ दे, मिस्तरी तेवढा बनवायला विसरले असतील. परवा घाईची वेळ होती, नेमकी माझी ओढणी त्या मुठीत अडकली. रागाने एक दिली ठेवून, तर खण पडला आणि आतून स्टूल बाहेर आलं. आई गं, केवढ्याने ओरडले मी. बाळंतीण आत कळा देत होती, ती घाबरून म्हणाली, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘स्टूल झालं.’

फार गुणाचं स्टूल आहे. मी आजवर पालथ्या बादलीवर बसत होते. पण त्याच दिवशी त्यावर बाळाचा बाप बसला. चक्कर येते म्हणाला म्हणून मीच बसवलं. गडी दरवाज्यात मावत नाही असा. पाय मोडला. स्टुलाचा, त्याचा नाही. बाळ छान आहे.

आता काय करू? खिळा मारू का?


२० जून

सुईणबाई यांस,

सलाम.

खिळा मारू नका.

पुन्हा लिहितो. खिळा मारू नका. त्या पेटीत आणि त्या स्टुलात एकही खिळा नाही. सगळे सांधे दाताला दात गुंतवून बसवलेले आहेत. मोडलेला पाय आणि त्याची खाच दोन्हीतला जुना सरस चाकूने खरवडून काढा. नवा सरस गरम करून दोन्ही बाजूंना पातळ लावा. पाय बसवून दोरीने आवळा, दोरीत काडी घालून पीळ द्या. दोन दिवस हात लावू नका.

ते स्टूल बाळाच्या बापासाठी नाही. त्याची उंची एका व्यक्तीच्या गुडघ्यांवरून ठरवलेली आहे. ती खुर्चीतून उठताना हात कुठे टेकते, किती पुढे झुकते, हे मी आमच्या स्वयंपाकघरात बसून पुष्कळ दिवस बघितलं होतं. तिला ते माहीत नाही.

पेटीवर ओलं भांडं ठेवू नये.

मिस्तरी


१५ जुलै

मिस्तरी,

सलाम.

खिळा मारला. आता रागवा.

तुम्ही म्हणाला तसं सगळं केलं होतं. खरवडलं, चिकटवलं, दोरी आवळली, काडीने पीळ दिला. दुसऱ्याच दिवशी कुंभाराच्या घरून बोलावणं आलं. दोन दिवस थांब, असं त्या पोराला पोटात जाऊन कोण सांगणार? स्टूल उचललं, गेले, पाय निसटला, खिळा मारला. आता ते लंगडतं. बसलं की डावीकडे झुकतं, मीही झुकते, लोक हसतात.

ओल्या भांड्याचं तुम्ही लिहिलंत आणि मला हसू आलं. सिस्टरबाई नावेत चढता चढता परत फिरल्या होत्या. पेटीपाशी आल्या, झाकणावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, ‘यावर ओलं भांडं ठेवू नका हं. बनवणारा लांब आहे, पण त्याला कळेल.’ मग नावेत बसल्या, तोंड मात्र इकडेच. नावाडी म्हणाला, ‘बाई, पुढे बघून बसा, तोल जातो.’

मी ओलं भांडं ठेवत नाही. पण गुडघे त्यांचेच असतील तर स्टूल माझ्याकडे काय करतंय? तुम्हीच या एकदा. इथे मिस्तरी नाही. पलीकडे दवाखान्याची खोली उभी राहिलीय, तिची दारं अशी कलती बसलीत की वाऱ्याने उघडतात आणि माणसाने लावली तर लागत नाहीत.

सुईण


४ सप्टेंबर

प्रिय सिस्टर,

सलाम.

हे पत्र मी सुईणबाईंच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. दचकू नकोस. कारखान्याला कुलूप लावलं. किल्ली कोशागारवालीकडे दिली. ती म्हणाली, ‘अगं बाई, तुम्हीसुद्धा?’ मी म्हटलं, ‘एका स्टुलाचा पाय बघायला जातोय.’ तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

पेटी पाहिली. ओल्या भांड्याचा एकही डाग नाही. पण बाकी काही विचारू नकोस. ‘पट्ट्या’ लिहिलेल्या खणात बाळांची झबली. ‘मलमं’ मध्ये सुया-दोरे आणि एक कंगवा. बाटल्यांच्या खाचांत कांदे. आणि झाकणावर दुपटं अंथरून नवीन जन्मलेली पोरं ठेवतात, कारण घरातली तेवढीच जागा सपाट आणि न डगमगणारी आहे. पहिल्या दिवशी मी रागावलो. दुसऱ्या दिवशी एक पोरगं त्या झाकणावर हातपाय पसरून झोपलेलं पाहिलं. पॉलिशमध्ये त्याची सावली पडली होती. त्यानंतर नाही रागावलो.

खिळा काढला. पाय नवा केला.

तू विचारलंस, आत काय होतं. स्टूल होतं. घडीचं. तू रोग्याजवळ बसावंस आणि उठताना कुणाची मदत लागू नये म्हणून. विणकरिणीचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. ‘बसायला काही नव्हतं’ या ओळीशी येऊन दर वेळी थांबलो. मी तुझ्यासाठी बसायची जागा केली आणि ती अशा पेटीत घातली की तुला नेता येऊ नये. तिला इतकी जड करायची गरज नव्हती. फळ्या निम्म्या जाडीच्या चालल्या असत्या, मला ते तेव्हाही कळत होतं. जड वस्तू घेऊन माणूस फार लांब जात नाही, असं माझ्या मनात कुठेतरी असणार.

परवा एक गोष्ट झाली. भर दुपारी शेवटच्या घरची बाई अडली. सुईणबाई आत, बाहेर मी आणि तिचा नवरा. तो सारखा उठबस करत होता. मी म्हटलं, ‘बसा.’ तो म्हणाला, ‘बसवत नाही.’ मग म्हणाला, ‘तुम्ही त्या सिस्टरचे ना? त्या आल्या होत्या तेव्हा त्यांनी प्रार्थना केली होती. तुम्ही करा.’ मी म्हणणार होतो, मी माझ्या बाकावरच करतो. पण ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघून म्हणण्यासारखं नव्हतं. मी केली. वाकडीतिकडी झाली, ना सुरुवात ना शेवट. आपल्या पाळकांनी ऐकली असती तर मधेच आमेन म्हणून मला सोडवलं असतं. मी ‘हिला सांभाळ’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतो, आणि अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की मी नुसतं आतल्या बाईबद्दल बोलत नाही.

मुलगी झाली. थोड्या वेळाने तिला आणून पेटीवर ठेवली.

उद्या पलीकडे जातो. दारं बघायला.

तुझा,
मिस्तरी


३० सप्टेंबर

माझ्या मिस्तरी,

सलाम.

तुमचं पत्र यायच्या आधी बातमी आली. आम्ही वरच्या अंगाला पाच गावं पुढे आहोत, पण नावाडी नावेतूनच ओरडला, ‘बाई, तुमचे पेटीवाले आलेत. मला विचारत होते की नावेचा सांधा कुणी बसवला, चुकीचा आहे म्हणे.’ मी ओळखलं, तुम्हीच.

मग पत्र वाचलं. पाळकांच्या बायकोने पुन्हा विचारलं, ‘घरी बरं आहे ना?’ मी म्हटलं, ‘स्टूल होतं.’ तिने माझा ताप बघितला.

मी गेले आठ महिने जमिनीवर बसतेय आणि मनात तुमच्याशी भांडतेय. आणि तुम्ही मी जायच्या आधीच मला बसायला जागा करून ठेवली होती. मी ती नदीकाठी सोडली, आणि त्यावर सुईणबाई बसल्या. त्यांनाही गुडघे आहेतच म्हणा.

आता जरा ऐका. दुसऱ्या वर्षाचं मी मिशनला ‘नाही’ असं लिहून दिलंय. तुमचं पत्र यायच्या आदल्या आठवड्यात. तुम्ही गप्प होतात, आणि मला शिंप्याचं घर आठवत राहिलं. मी ‘वर्ष म्हणजे वर्षच’ असं म्हटलं होतं. एक खोटं लिहिलं, दुसरं व्हायला नको. डिसेंबरात घरी येते. दवाखान्याला कुणीतरी मिळेल. मिळायला हवं.

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी खाली येऊ. तोवर थांबाल का? की कारखाना बोलावतोय?

तुमची,
सिस्टर


१७ ऑक्टोबर

प्रिय सिस्टर,

सलाम.

घाई केलीस. तुझं ‘नाही’ मी परत मागवलं आहे. मिशनचे साहेब दवाखान्याचं काम बघायला आले होते, त्यांनाच गाठलं. ते म्हणाले, ‘सिस्टरनी लेखी कळवलंय.’ मी म्हटलं, ‘त्यांनी तिसऱ्या खणात थर्मामीटर ठेवल्याचंही लेखी कळवलं होतं.’ ते गोंधळले. पण तुझा कागद त्यांनी बाजूला काढून ठेवलाय. आता तू स्वतः येऊन तोंडाने काय ते सांग. माझ्यासाठी ‘नाही’ म्हणू नकोस एवढंच. माझ्यासाठी ‘हो’ही म्हणू नकोस. गुडघ्यांना विचार.

दारं तिन्ही उतरवली. चौकटीच तिरक्या होत्या, दारांचा काही दोष नव्हता. दोन लागतात, तिसरं रंध्यावर आहे. खिडक्यांना कुणी मापच घेतलेलं नाही. औषधांचं कपाट करायचंय, त्याला खण करीन, आणि ते सगळे ओढूनच उघडतील. म्हणजे पुढचं वर्ष मला इथे काम आहे, तू थांबलीस तरी आणि नाही तरी. तू घरी गेलीस तर सूप कसं करायचं ते मी फळीवर लिहून ठेवलंय.

पेटी सुईणबाईंकडेच राहू दे. त्यांच्या स्टुलाची उंची मी त्यांच्या मापाने कमी केली. त्या बसून बघून म्हणाल्या, ‘आता झुकत नाही, लोक काय बघून हसणार?’

तुझ्यासाठी नवं केलं. घडी घातली की काखेत मावतं, दोन बोटांनी उचलता येतं. हलक्या लाकडाचं आहे, शंभर वर्षं टिकणार नाही, आपल्याला पुरेल. हात टेकायला डावीकडे एक दांडी आहे, कारण तू उठताना डावीकडे हात शोधतेस. लाकूड उरलं म्हणून त्याच्याच जोडीचं आणखी एक केलं. प्रार्थनेला आपलं बाक इथवर आणता येत नाही, आणि तू रोग्याजवळ बसलीस की मी उभा राहून करू काय?

दोन्ही नावाड्याला दाखवली. त्याने एकेका हातात एकेक धरून तोलून बघितलं, नावेकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘चालतंय. पाळकही बसतील.’

तुझा,
मिस्तरी